रद्द पावतीत दुसऱ्याचं खातं कुठून आलं?

वाचकांचे प्रश्न

या वेळी तीनच पत्रं घेतली आहेत. पहिल्या पत्राला निम्म्याहून जास्त जागा दिली, कारण त्यातला कापूस आमच्या आर्वीकडच्यासारखाच आहे, शेतकरीही तसेच आहेत आणि कोडातली चूक मी स्वतः एकदा केलेली आहे.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी हिंगणघाट तालुक्यातला. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या काट्यावर एक छोटं यंत्र आहे. कापसाची गाडी काट्यावर चढली की भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन, शेतकऱ्याचं नाव, गाव, बँक खातं असं सगळं एसडी कार्डावर जातं आणि काटापट्टी छापून निघते. यंत्रात लिनक्ससारखी मोठी ऑपरेटिंग सिस्टिम बसत नाही, म्हणून कार्डावर पावत्या ठेवायची पद्धत मीच सी भाषेत लिहिली. ४०९६ बाइटचा एक ब्लॉक, एका पावतीला एक ब्लॉक, आणि सुरुवातीला तक्ता : कोणती पावती कुठल्या ब्लॉकात, लांबी किती. दोन हंगाम काही तक्रार आली नाही. या जानेवारीत एक काका पट्टी घेऊन परत आले. त्यांना चेकनं पैसे द्यायचे होते, म्हणून खात्याचा रकाना आम्ही भरलाच नव्हता. पण पट्टीवर तिथं आधी एक तुटकं अक्षर आणि त्याच्यामागं पूर्ण खाते क्रमांक छापून आला होता. शोधलं तर तो नंबर सकाळी रद्द झालेल्या पावतीवरच्या दुसऱ्याच शेतकऱ्याचा निघाला. मी छापणाऱ्या फंक्शनमध्ये अट घातली की चेकवाल्यांचा तो रकाना छापायचा नाही. आता दिसत नाही. पण कार्ड लॅपटॉपला लावून कच्चं वाचलं तर जवळपास प्रत्येक पावतीच्या पुढं जुन्या पावत्यांचे तुकडे आहेत. माझी दुरुस्ती पुरेशी आहे का? दर वेळी ब्लॉक पुसत बसलो तर यंत्र हळू पडेल का? कोड सोबत जोडतो.

उत्तर : भाऊ, कोड दोन संध्याकाळ बसून वाचला. अट राहू द्या, पण तिला दुरुस्ती म्हणू नका. तिनं एका पट्टीवरचं एक ठिकाण झाकलं, माहिती होती तिथंच आहे. उद्या कुणी हिशेबासाठी पावत्या संगणकात उतरवून घेईल, नाहीतर कार्ड खराब झालं म्हणून वर्ध्याच्या दुकानात दुरुस्तीला जाईल, आणि ते सगळे तुकडे त्या माणसासमोर असतील.

तुमच्या कोडात उरलेली माहिती दोन वाटांनी बाहेर पडते. दोन्ही वाटा वेगळ्या आहेत, म्हणून एक बुजवून भागत नाही.

पहिली वाट मेमरीतून कार्डाकडे जाते. पावती तयार करायला तुम्ही ४०९६ बाइटचा एकच बफर, म्हणजे मेमरीतली तात्पुरती जागा, ठेवला आहे. आलेली पावती त्याच्या सुरुवातीला ठेवता आणि पूर्ण बफर कार्डावर लिहिता. समजा आधीची पावती ९४० बाइटची होती आणि आताची ६१० बाइटची आहे. ६११ पासून ९४० पर्यंत आधीच्या शेतकऱ्याचीच माहिती बफरात पडून आहे, आणि ती या पावतीच्या ब्लॉकात लिहिली गेली. त्याच्याही पुढं त्याआधीची एखादी लांब पावती असेल तर तिचा शेवट. तक्त्यात ६१० लिहिल्यानं पुढचे ३४८६ बाइट रिकामे होत नाहीत. वाचणाऱ्यानं तिकडं बघू नये, एवढंच तो आकडा सांगतो.

दुसरी वाट जास्त वाईट, कारण तिथं न बघण्याचा सवालच उरत नाही. पावती रद्द झाली की तुम्ही लांबी कापून १२० करता. डोक्यावरचा मजकूर राहतो, बाकी ब्लॉकाला हात लावत नाही. नंतर तोच क्रमांक पुढच्या शेतकऱ्याला देता, रकाने आपापल्या जागी भरता, खात्याचा रकाना ओलांडून पुढं जाता आणि लांबी पुन्हा ६१० करता. आता तो न भरलेला रकाना लांबीच्या आत आला. यंत्राच्या दृष्टीनं ती याच पावतीची माहिती झाली. छापणाऱ्या फंक्शननं काहीच चूक केली नाही, त्यानं दिलेलं वाचलं. ते तुटकं अक्षरसुद्धा इथूनच आलं. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि मधली मोकळी जागा एकच बाइट. नवा मजकूर जुन्या अक्षराच्या मधोमध संपला, की मागं उरलेल्या एक-दोन बाइटचं अक्षर होत नाही. म्हणून पट्टीवर मोडकं काहीतरी दिसतं आणि त्याच्यामागं धडधडीत आकडे. इंग्रजी पावत्या असत्या तर हे मोडणं दिसलं नसतं. खाते क्रमांक मात्र तसाच छापला असता.

आमच्या घरी बियाण्याची तूर भरायच्या आधी बाबा पोतं उलटं करायचे. नुसतं झटकून त्यांचं समाधान होत नसे. शिवणीच्या दोन्ही कोपऱ्यांत बोट घालून अडकलेला हरभरा काढायचे, मगच भरू द्यायचे. मी हे लहानपणापासून पाहिलं होतं आणि तरी नोकरीच्या तिसऱ्या वर्षी फाइलसिस्टिमचा (डिस्कवर फाइली ठेवायच्या पद्धतीचा) कोड लिहिताना मागितलेली मेमरी न पुसता तशीच डिस्कवर लिहिली. सगळ्या चाचण्या पास झाल्या, कारण चाचणीची डिस्क कोरी होती आणि चाचणीच्या संगणकात दुसरं काही चालत नव्हतं. पुढं एका ग्राहकाकडून दुसऱ्याच बिघाडासाठी डिस्कची प्रत आली. माझ्या ब्लॉकाच्या शेपटीत, म्हणजे मजकुरापुढं उरलेल्या भागात, अर्धी ओळ वाचली : कुणीतरी आईच्या तपासणीचा निकाल भावाला कळवत होतं. ती ओळ त्या घराबाहेर कुणाच्या नजरेला पडायची नव्हती. ती माझ्यापर्यंत आली, कारण मी एक ओळ लिहायची राहिले होते. तेव्हापासून या चुकीला मी किरकोळ म्हणत नाही, कुणी म्हटलं तर वाद घालते.

आता दुरुस्ती. ती छापण्याजवळ करू नका, ब्लॉकाला हात लावणाऱ्या सगळ्यात खालच्या फंक्शनमध्ये करा. म्हणजे वर पुढं कुणी नवं फंक्शन लिहिलं तरी त्याला हे लक्षात ठेवावं लागणार नाही. नवी पावती लिहिताना आधी पूर्ण ४०९६ बाइटचा बफर सी मधल्या मेमसेट फंक्शननं शून्य करायचा आणि मग त्यात मजकूर ठेवायचा. मजकूर ठेवून उरलेलं शून्य केलं तरी चालतं, पण मग लांबीच्या हिशेबात एकाची चूक झाली तर एक बाइट सुटतो. मला पहिला क्रम आवडतो. पावतीच्या मधले न भरलेले रकानेही त्यानं आपोआप शून्य राहतात.

लांबी वाढवताना जुन्या लांबीपासून ब्लॉकाच्या शेवटापर्यंत सगळं शून्य करून मगच नवं लिहायचं. हे दर वेळी करायचं. "कापताना पुसलं होतं ना" असा भरवसा ठेवायचा नाही. कारण आपल्याकडं लाइट कधी जाईल याचा नेम नाही, आणि इथंच बहुतेकांची दुरुस्ती अर्धी राहते.

लाइटचा विचार करून क्रम ठरवा. वाढवताना आधी शून्य आणि नवा मजकूर असलेला ब्लॉक कार्डावर लिहायचा, कार्डानं तो खरोखर लिहून संपवला याची खात्री करायची, आणि त्यानंतर तक्त्यात मोठी लांबी टाकायची. तुमच्या कोडात हे उलटं आहे. तक्ता आधी बदलतो. त्या दोहोंच्या मध्ये लाइट गेली तर यंत्र परत सुरू झाल्यावर लांबी ६१० आणि आत जुना शेतकरी. कापताना मात्र उलट क्रम लागतो : आधी तक्त्यात १२० लिहा, मग शेपूट पुसा. तिथं आधी पुसलं आणि लाइट गेली तर रद्द न झालेली पावती अर्धी कोरी होऊन बसेल, आणि वजनाचा पुरावा जाईल. तक्ता आधी बदलून लाइट गेली तर शेपूट पुसायची राहते, पण ती लांबीच्या बाहेर आहे, आणि पुढं वाढवताना तुम्ही पुसणारच आहात.

मोठ्या फाइलसिस्टिमलाही हाच क्रम सांभाळावा लागतो. लिनक्सच्या एक्स्ट४ मध्ये नेहमीचा प्रकार 'ऑर्डर्ड' हा आहे. त्यात मजकुराचे ब्लॉक डिस्कवर गेल्याशिवाय त्यांची नोंद पक्की होत नाही. 'राइटबॅक' प्रकारात ही हमी नसते, म्हणून संगणक अचानक बंद पडल्यावर फाइलमध्ये जुनी माहिती दिसू शकते.

वेगाची काळजी सोडा. पूर्ण ब्लॉक तुम्ही आजही लिहिताच, कार्डाचं काम वाढत नाही. मेमरीत ४०९६ शून्यं भरायला तुमच्यासारख्या छोट्या प्रोसेसरलाही एखाद-दोन मिलिसेकंद पुरतात, आणि काट्यावर एक गाडी उतरून दुसरी चढेपर्यंत मिनिटं जातात. शंभर मेगाबाइटची जागा आधीच धरून ठेवायची असती तर प्रश्न खरा होता. तिथं एक्स्ट४ ब्लॉक पुसत नाही, त्यांवर 'अजून न लिहिलेला' अशी खूण ठेवतो आणि वाचणाऱ्याला शून्यं देतो. विंडोजच्या एनटीएफएस आणि एक्सफॅट या फाइलसिस्टिममध्ये फाइलच्या लांबीबरोबर 'इथपर्यंतच खरा मजकूर आहे' असा दुसरा आकडा असतो. तुम्हाला यातलं काही लागत नाही.

तपासणी मात्र मनापासून करा, कारण कोऱ्या कार्डावर ही चूक कधीच सापडत नाही. चाचणीचं कार्ड आधी टोकापासून टोकापर्यंत एका खुणेनं भरा. पुष्कळ जण १६५ हा बाइट घेतात. आपल्याला तो चालणार नाही, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा मधला बाइट १६४ किंवा १६५ असतो, आणि मग कुठली खूण नि कुठलं गाव हे कळणार नाही. २५१ घ्या. बरोबर लिहिलेल्या यूटीएफ-८ मजकुरात २४४ च्या वरचा बाइट येतच नाही. वजनं तुम्ही आकड्यांच्या अक्षरांत लिहिता, त्यामुळे तिथूनही तो येणार नाही. बफर वापरून झाल्यावर त्यात २५३ भरा. मग दिवसभराच्या पावत्या, रद्द करणं, क्रमांक परत देणं, मध्येच वायर काढून लाइट घालवणं, सगळं करा आणि कार्ड कच्चं वाचा. ज्या ब्लॉकांना कधी हात लागला नाही तिथं २५१ राहील, ते ठीक. वापरलेल्या ब्लॉकात लांबीपुढं शून्याशिवाय काही दिसलं, किंवा कार्डावर कुठंही २५३ सापडला, तर गळती अजून चालू आहे; २५३ असेल तर ती मेमरीतून. लाइट घालवताना कापण्याच्या मधोमध सापडलेली एखादी शेपूट तेवढी अपवाद. ती पावती परत वाढवून बघा, शून्य व्हायला हवी.

राहिली जुनी कार्डं. नवा कोड जुने तुकडे पुसणार नाही. एक छोटा प्रोग्राम लिहा : तक्ता वाचायचा, प्रत्येक पावतीची शेपूट शून्य करायची, कुणाच्याच नावावर नसलेले ब्लॉकही शून्य करायचे. आधी कार्डाची प्रत घ्या, काम तपासा, आणि मग ती प्रतही नष्ट करा. प्रत तशीच लॅपटॉपवर ठेवलीत तर गळती तुमच्या घरी आली.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. ज्यांचा खाते क्रमांक दुसऱ्याच्या पट्टीवर गेला, त्यांच्या घरी जाऊन सांगा. फोनवर नको. नुसत्या खाते क्रमांकावर कुणी पैसे काढू शकत नाही हे समजावून द्या, पण बँकेचं नाव घेऊन फोन येईल तेव्हा ओटीपी देऊ नका हेही सांगा. समोरच्याकडं खरा क्रमांक असला की असा फोन खरा वाटतो. काकांकडची ती पट्टी मागून घ्या आणि दुरुस्त पट्टी द्या. संचालक मंडळाच्या सभेत लेखी नोंद करा. तुम्ही चूक लपवली नाही, मला कोडासकट लिहून पाठवली. त्या दोन्ही शेतकऱ्यांनाही तेवढंच सरळ सांगता येईल तुम्हाला.

प्रश्न : मॅडम, मी यवतमाळला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या वर्गात वाद झाला. मित्र म्हणतो, अशा चुका नवशिक्यांच्या कोडात राहतात, लिनक्समध्ये हजारो लोक कोड वाचतात, तिथं शक्य नाही. कोण बरोबर?

उत्तर : मित्राला २००५ सालचं एक उदाहरण दाखव. लिनक्सच्या एक्स्ट२ या फाइलसिस्टिममध्ये नवी डिरेक्टरी (फोल्डर) बनवताना तिच्या पहिल्या ब्लॉकात दोनच नोंदी लिहिल्या जातात, एक टिंब आणि दोन टिंबं. प्रत्येकी १२ बाइट, म्हणजे २४. ब्लॉक ४०९६ चा असेल तर उरले ४०७२, आणि ते पुसलेच जात नव्हते. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, मेमरीत त्या जागी आधी जे पडलं असेल ते डिस्कवर जायचं. साध्या वापरकर्त्यानं नुसती डिरेक्टरी बनवायची, की झालं. आवृत्ती २.६.११.६ मध्ये ब्लॉक शून्य करून हे मिटवलं. बरं, तिथून सगळे शिकले म्हणावं तर २०१९ मध्ये एक्स्ट४ च्या एक्स्टेंट-वृक्षाच्या (फाइलचा मजकूर डिस्कवर कुठं आहे याच्या नोंदीच्या) ब्लॉकात तीच चूक सापडली, सुरक्षेतल्या चुकांच्या जाहीर यादीत सीव्हीई-२०१९-११८३३ या क्रमांकानं तिची नोंद आहे. दुरुस्तीही तीच, न वापरलेला भाग शून्य करणं. मधल्या चौदा वर्षांत हा कोड जाणकारांनीच वाचला होता.

नजरेतून सुटतं, कारण चूक लिहिलेल्या ओळीत नसते, न लिहिलेल्या ओळीत असते. कोड वाचताना जे आहे ते दिसतं. कंपायलरही हातभार लावतो : एका स्ट्रक्चरमध्ये एक बाइटचा कॅरॅक्टर आणि मग चार बाइटचा इंटिजर ठेवलास तर बहुतेक यंत्रांवर ते आठ बाइटचं होतं. मधल्या तीन बाइटना नावच नाही, मग त्यांत किंमत कोण भरणार? दोन्ही फील्ड नीट भरून स्ट्रक्चर डिस्कवर लिहिलंस तरी ते तीन बाइट जुनेच जातात. म्हणून आधी पूर्ण स्ट्रक्चर शून्य करायचं. नेटवर्कवरही हेच घडलं आहे. इथरनेटच्या फ्रेममध्ये (तारेच्या नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या एका पाकिटात) किमान ४६ बाइटचा मजकूर लागतो, कमी पडला तर भर घालावी लागते. अनेक ड्रायव्हर ती भर जुन्या मेमरीनं घालत होते, हे २००३ मध्ये उघड झालं.

आता माणसाच्या नजरेवर सगळं सोडलेलं नाही. लिनक्स ६.१ मध्ये, डिसेंबर २०२२ ला, केएमसॅन हे तपासणीचं साधन आलं. मेमरीतल्या कुठल्या भागात अजून कुणीच काही लिहिलेलं नाही याची ते नोंद ठेवतं, आणि तो भाग डिस्ककडं, नेटवर्ककडं किंवा वापरकर्त्याकडं निघाला की तक्रार करतं. त्याआधी ५.३ पासून कर्नल सुरू करतानाच एक पर्याय देता येतो, मग मागितलेली प्रत्येक मेमरी शून्य होऊनच मिळते.

स्वतः करून बघायचं असेल तर एक फाइल २५१ या बाइटनं भर (हाच आकडा का, ते वरच्या उत्तरात आहे), तिच्यावर एक्स्ट२ बनव, ती माउंट करून पाच-पन्नास डिरेक्टऱ्या बनव आणि कच्चे बाइट दाखवणाऱ्या हेक्सडम्पनं ब्लॉक बघ. बनवताना नोडिस्कार्ड हा पर्याय दे, नाहीतर तुझी खूणच आधी पुसली जाऊ शकते. डिरेक्टरीच्या ब्लॉकात आज शून्यंच दिसतील. मग ज्या ब्लॉकांना अजून हात लागलेला नाही तेही बघ.

प्रश्न : ताई, दिग्रस तालुक्यात माझं आपले सरकार सेवा केंद्र आहे. जुना संगणक विकायचा आहे. त्यात लोकांचे आधार, सातबारा, उत्पन्नाचे दाखले असं सहा वर्षांचं स्कॅन केलेलं आहे. भाच्यानं फॉरमॅट मारून दिलं. विकू का?

उत्तर : अजून नको. भाच्यानं बहुधा 'क्विक' फॉरमॅट केलं असेल. त्यात फाइलींची यादी नव्यानं बनते, कागद जागेवरच राहतात. २००३ मध्ये अमेरिकेत सिम्सन गार्फिंकेल आणि अभी शेलाट या एमआयटीच्या दोघा संशोधकांनी जुन्या बाजारातून घेतलेल्या १५८ डिस्कांचा अभ्यास छापला होता. चालू निघालेल्या १२९ पैकी नीट पुसलेल्या फक्त १२ होत्या. विकणाऱ्या बऱ्याच जणांना आपण पुसलं असंच वाटत असावं.

संगणकात जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर ती दुसऱ्या विंडोज संगणकाला जोडा आणि 'क्विक' वरची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. विंडोज व्हिस्टापासून पुढं पूर्ण फॉरमॅट सगळीकडं शून्यं लिहितं. डिस्कचे सगळे भाग घ्या, सीच नव्हे, डीसुद्धा. स्कॅन केलेले कागद बहुतेक तिथंच असतात. काही तास लागतील, रात्री लावून ठेवा. एसएसडी असेल तर हा उपाय पुरत नाही, कारण तिच्यात आपल्याला न दिसणारी राखीव जागा असते आणि जुना मजकूर तिथं राहू शकतो. डिस्क बनवणाऱ्या कंपनीचं 'सिक्युअर इरेज' चालवणारं साधन असतं, ते वापरा.

आणि संगणकाची किंमत डिस्कसकट दोन-तीन हजारच येणार असेल तर डिस्क काढून घेऊन संगणक विका. ज्यांचे दाखले त्यात आहेत ती माणसं उद्याही तुमच्याच केंद्रात येणार आहेत. पेनड्राइव्ह विकायला काढू नका, आतली चिप हातोडीनं फोडा. झेरॉक्स मशीनवाल्यालाही विचारून ठेवा, पुष्कळ मोठ्या मशीनमध्ये हार्ड डिस्क असते.